कमी ऊर्जेच्या ड्यूटेरॉन अभिक्रियांतून निघणारे कण कसे मोजायचे

ड्यूटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) टार्गेटवर ड्यूटेरॉन (ड्यूटेरियमचे अणुकेंद्र) आदळला की दोन वाटा जवळपास सारख्याच प्रमाणात खुल्या होतात. एका वाटेने प्रोटॉन आणि ट्रिटॉन, म्हणजे ट्रिटियमचे अणुकेंद्र, निघतात (मोकळी होणारी ऊर्जा ४.०३ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट), दुसरीने न्यूट्रॉन आणि हेलियम-३ (३.२७ एमईव्ही). ऑलिफंट, हार्टेक आणि रदरफर्ड यांनी १९३४ साली केंब्रिजमध्ये ही अभिक्रिया दाखवली, तरी आजही शिकण्यासाठी हिच्याइतकी चांगली अभिक्रिया सापडणे कठीण. १०० केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) आतल्या साध्या प्रवेगकावर ती होते आणि तिचा प्रोटॉन ३ एमईव्हीच्या आसपास, म्हणजे बहुतेक विजेच्या आवाजाच्या (संकेतातल्या नको असलेल्या चढउतारांच्या) बराच वर येतो.

नवीन माणूस सगळे लक्ष डिटेक्टरवर देतो. पण मापन बहुतेक वेळा बिघडते ते टार्गेटच्या वरच्या काही नॅनोमीटरमध्ये आणि बीमच्या व्होल्टेजमध्ये. कारण या ऊर्जांना अभिक्रियेचा काटछेद (अभिक्रिया होण्याची शक्यता दाखवणारे क्षेत्रफळ, बार्न या एककात) भयंकर उताराचा असतो. बीमची ऊर्जा १०० केईव्ही असताना प्रोटॉन वाटेचा काटछेद साधारण १६ मिलिबार्न असतो, २० केईव्हीला ०.३ मिलिबार्नच्या जवळ येतो आणि १० केईव्हीला जेमतेम ९ मायक्रोबार्न उरतो. १० केईव्हीपाशी ऊर्जेत १ टक्का चूक झाली तर काटछेदात ६ टक्के चूक होते. हे प्रमाण डोक्यात ठेवूनच पुढचे वाचा.

आधी कागदावर

बीम सुरू करण्यापूर्वी कोणता कण कुठल्या ऊर्जेला दिसायला हवा ते गणितातून काढून वहीत लिहा. पुस्तकात दिलेले ३.०२ (प्रोटॉन), १.०१ (ट्रिटॉन), ०.८२ (हेलियम-३) आणि २.४५ (न्यूट्रॉन) हे आकडे बीमची ऊर्जा शून्य धरून काढलेले असतात. प्रत्यक्षात कोन आणि बीमची ऊर्जा दोन्ही फरक पाडतात. १०० केईव्हीच्या बीमला प्रोटॉन ४५ अंशांवर सुमारे ३.३४ एमईव्हीला, ९० अंशांवर ३.०५ ला आणि १३५ अंशांवर २.७९ ला येतो. १३५ अंशांवरच ट्रिटॉन ०.७५ एमईव्हीच्या आसपास आणि हेलियम-३ ०.५८ च्या आसपास. तोच बीम १० केईव्हीवर आणला की १३५ अंशांवरचा प्रोटॉन २.९४ वर चढतो.

हा चढ पुढे फार उपयोगी पडणार आहे. बीमची ऊर्जा बदलल्यावर पीक (मोजणीच्या आलेखातला उंचवटा) जिथे जायला हवे तिथे जात असेल, तरच ते अभिक्रियेचे पीक. विजेचा आवाज किंवा ऑसिलेशन जागचे हलत नाही.

डिटेक्टर आणि त्यापुढचे फॉइल

आयन रोपण केलेला सिलिकॉन डिटेक्टर घ्या. क्षेत्रफळ ३०० चौरस मिलिमीटर, जाडी ३०० मायक्रॉन. १०० मायक्रॉनचा हाताशी आहे म्हणून तो लावू नका. ३ एमईव्हीचा प्रोटॉन सिलिकॉनमध्ये सुमारे ९२ मायक्रॉन जातो, म्हणजे मागच्या कोनांवर तो थांबेल. पण ४५ अंशांवरचा ३.३४ एमईव्हीचा प्रोटॉन ११० मायक्रॉनच्या आसपास जाऊ पाहतो आणि पातळ डिटेक्टरच्या पाठीतून बाहेर पडतो. मग पीक खाली सरकते, रुंद होते, आणि कॅलिब्रेशन चुकले असे वाटून माणूस दिवसभर अँप्लिफायरशी झटत बसतो.

टार्गेटपासून डिटेक्टर ५ सेंटिमीटरवर ठेवला तर घनकोन (टार्गेटवरून पाहता डिटेक्टरने व्यापलेला दिशांचा भाग) ०.१२ स्टेरेडियन, म्हणजे पूर्ण गोलाच्या जवळजवळ १ टक्का होतो. सुरुवातीला १३५ अंशांवर एक आणि ९० अंशांवर एक, असे दोन डिटेक्टर पुरेत.

डिटेक्टरपुढे ॲल्युमिनियमचे फॉइल लागतेच. टार्गेटवरून नुसते विखुरलेले ड्यूटेरॉन अभिक्रियेच्या कणांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात. ते आत गेले तर पल्सवर पल्स चढते आणि डिटेक्टरही लवकर खराब होतो. १०० केईव्हीच्या बीमला १.५ ते २ मायक्रॉनचे फॉइल, ३० केईव्हीच्या खाली अर्ध्या मायक्रॉनचे पुरते. याची किंमत मात्र हेलियम-३ मोजतो. १३५ अंशांवर १.५ मायक्रॉन फॉइल ओलांडताना प्रोटॉन फक्त ४० केईव्ही गमावतो, ट्रिटॉन सव्वाशेच्या आसपास, पण हेलियम-३ जवळजवळ सगळीच ऊर्जा घालवून बसतो. तोही मोजायचा असेल तर कमी ऊर्जेचा बीम आणि अर्ध्या मायक्रॉनचे फॉइल, किंवा सरळ वेगळा डिटेक्टर. एकाच फॉइलने सगळे साधत नाही.

फॉइल चौकटीवर ताणले की अंधारात दिव्यासमोर धरून पाहा. सुईच्या टोकाएवढे छिद्र ताऱ्यासारखे चमकते. असे एक जरी दिसले तरी ते फॉइल बाजूला ठेवा. सिलिकॉन प्रकाशालाही जागा होतो, त्यामुळे छिद्रातून ड्यूटेरॉनच नव्हे तर आयन सोर्सचा उजेडही आत येतो. याच कारणाने तप्त तंतूचा व्हॅक्यूम गेज मोजणी चालू असताना बंद ठेवायचा आणि चेंबरच्या काचेच्या खिडक्या झाकायच्या.

बायस, प्रीअँप्लिफायर, कॅलिब्रेशन

चेंबरमधला दाब १० चा उणे पाचवा घात मिलिबारच्या खाली गेल्याशिवाय बायस (डिटेक्टरला दिले जाणारे व्होल्टेज) चढवू नका. मधल्या दाबांना विद्युत विसर्जन होते आणि त्यात प्रीअँप्लिफायरचा पहिला ट्रान्झिस्टर जातो. बायस हळूहळू, पाच-पाच व्होल्टने चढवा आणि गळती प्रवाहावर डोळा ठेवा. बायसच्या वाटेवर १०० मेगाओहमचा रोध असेल तर १०० नॅनोअँपिअर गळतीला १० व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, आणि डिटेक्टरला मिळणारा बायस मीटरवरच्या आकड्यापेक्षा तेवढा कमी असतो. शेपिंग टाइम (अँप्लिफायर पल्सला आकार देतो तो काळ) १ मायक्रोसेकंद ठेवून सुरुवात करा.

कॅलिब्रेशनला अमेरिशियम-२४१ चा अल्फा सोर्स टार्गेटच्या जागीच, व्हॅक्यूममध्ये ठेवा. हवेत ठेवून केलेले कॅलिब्रेशन कामाचे नाही, कारण काही सेंटिमीटर हवाच अल्फा कणाला थांबवते. शक्य असेल तर प्लुटोनियम-२३९ (५.१५७ एमईव्ही), अमेरिशियम-२४१ (५.४८६) आणि क्युरियम-२४४ (५.८०५) असा तिहेरी सोर्स वापरा. गॅडोलिनियम-१४८ मिळाला तर फारच चांगले, त्याचा ३.१८ एमईव्हीचा अल्फा प्रोटॉनच्या अगदी शेजारी बसतो. सोर्सच्या तोंडाला बोट किंवा चिमटा लावायचा नाही, आणि काम झाले की लगेच झाकण.

एक मोजणी फॉइल काढून करा, दुसरी फॉइल लावून. समजा २०४८ चॅनेलच्या (ऊर्जेच्या कप्प्यांच्या) स्पेक्ट्रममध्ये अमेरिशियमचे पीक १७०० व्या चॅनेलवर आणले. म्हणजे एका चॅनेलला सुमारे ३.२ केईव्ही. १.५ मायक्रॉनचे फॉइल लावल्यावर हे पीक २४० केईव्हीने, म्हणजे साधारण ७५ चॅनेलने खाली येईल. किती सरकले यावरून फॉइलची खरी जाडी कळते. विक्रेत्याच्या पाकिटावरच्या आकड्यापेक्षा हा आकडा धरा. सोर्सची ॲक्टिव्हिटी प्रमाणित असेल तर याच मोजणीतून घनकोनही निघतो, पट्टीने मोजलेल्या अंतरापेक्षा भरवशाचा.

आता स्पेक्ट्रम कसा दिसायला हवा ते चॅनेलमध्ये लिहा: १३५ अंश, १०० केईव्ही, १.५ मायक्रॉन फॉइल. प्रोटॉन ८५० च्या आसपास, ट्रिटॉन १९० च्या आसपास. त्याच्या खाली, १०० व्या चॅनेलपर्यंत, २.४५ एमईव्हीच्या न्यूट्रॉनने धक्का दिलेल्या सिलिकॉन अणूंची उतरंड असेल, कारण समोरासमोरच्या टकरीतही न्यूट्रॉन सिलिकॉनला आपल्या ऊर्जेच्या फक्त १३ टक्के, म्हणजे ०.३३ एमईव्हीपर्यंतच देऊ शकतो. या ऊर्जेचा न्यूट्रॉन सिलिकॉनमध्ये अल्फा किंवा प्रोटॉन काढू शकत नाही. दोन्ही अभिक्रियांचा उंबरठा त्याच्या वर आहे. त्यामुळे प्रोटॉनच्या पीकखालची जमीन जवळजवळ स्वच्छ असते. तिथे काही दिसलेच तर त्याला कारण आहे आणि ते शोधलेच पाहिजे.

बीम: किती केईव्ही, आणि नेमके काय

आयन सोर्समधून ड्यूटेरॉनसोबत ड्यूटेरियमचे दोन आणि तीन अणूंचे आयनही निघतात. २० किलोव्होल्टने प्रवेग दिलेल्या दोन अणूंच्या आयनातला प्रत्येक ड्यूटेरॉन १० केईव्हीचाच असतो, पण एका विद्युतभारामागे दोन. म्हणून वळवणाऱ्या चुंबकाने वस्तुमान निवडल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही.

चुंबकालाही एक गोष्ट वेगळी करता येत नाही. साध्या हायड्रोजन रेणूचा आयन आणि ड्यूटेरॉन यांचे वस्तुमान जवळजवळ सारखेच. सोर्समध्ये आधी हायड्रोजन चालवला असेल, किंवा पाण्याची वाफ असेल, तर 'ड्यूटेरॉन'च्या प्रवाहात प्रोटॉनची भर पडते आणि काटछेद खरा असेल त्यापेक्षा कमी निघतो. सोर्स नवीन वायूवर तास-दोन तास चालवून घ्या, मग मोजणी. कमी ऊर्जेला दोन अणूंचा आयन मुद्दाम वापरणेही शहाणपणाचे आहे: प्रवेगक जास्त व्होल्टेजवर स्थिर चालतो आणि हायड्रोजनची गल्लत टळते. फक्त हेलियमचा आयन त्याच वस्तुमानावर येतो, तेव्हा सोर्सला हेलियम लावलेला नसावा.

ऊर्जा म्हणजे प्रवेग व्होल्टेज अधिक सोर्सचे स्वतःचे व्होल्टेज. हा दुसरा भाग विसरणे ही नेहमीची चूक. १० केईव्हीला १०० व्होल्टची गफलत म्हणजे काटछेदात ६ टक्के. व्होल्टेज पुरवठ्यावरचा आकडा नव्हे, विभाजकावर (व्होल्टेज ठरलेल्या प्रमाणात कमी करून मोजणाऱ्या रोधांच्या संचावर) मोजलेला आकडा लिहा, आणि तो विभाजक तापल्यावर किती सरकतो तेही एकदा तपासा.

प्रवाह मोजताना दुय्यम इलेक्ट्रॉन आडवे येतात. ड्यूटेरॉन आदळला की टार्गेटमधून इलेक्ट्रॉन उडतात आणि प्रवाह आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. चूक सहज दुपटीच्या घरात जाते. टार्गेटपुढे कडी बसवून तिला उणे २०० ते ३०० व्होल्ट द्या. हे व्होल्टेज शून्यापासून वाढवत नेले की मोजलेला प्रवाह आधी घसरतो आणि मग सपाट होतो. त्या सपाट भागात राहा. प्रवाह सपाटच होत नसेल तर बीमचा काही भाग कडीलाच लागतो आहे.

टार्गेट

सुरुवातीला ड्यूटेरियम भरलेल्या टायटेनियमचे टार्गेट घ्या. ड्यूटेरेटेड पॉलिथिलीन स्वस्त आणि सोपे, पण बीमखाली ते ड्यूटेरियम सोडत जाते; दहाव्या मिनिटाचे टार्गेट पहिल्या मिनिटाचे नसते. साध्या धातूच्या पत्र्यात बीमनेच ड्यूटेरियम भरत जाणे हाही मार्ग आहे. मात्र उत्पन्न (ठरावीक बीममागे निघणाऱ्या कणांची संख्या) चढत चढत स्थिर होईपर्यंत थांबण्याचा धीर हवा.

१०० केईव्ही आणि १०० मायक्रोअँपिअर म्हणजे १० वॅट, तेही काही मिलिमीटरच्या ठिपक्यात. टार्गेटच्या पाठीमागे पाणी खेळवा आणि तापमान २०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर ड्यूटेरियम बाहेर पडू लागते.

आता तो पृष्ठभाग. व्हॅक्यूममध्ये तेलाचा अंश असेल तर बीम जिथे पडतो तिथे काळसर डाग उमटतो. तो कार्बन. डाग जेमतेम दिसू लागला तरी काम बिघडलेले असते: १० नॅनोमीटर कार्बनमध्ये १० केईव्हीचा ड्यूटेरॉन अर्ध्या केईव्हीहून जास्त ऊर्जा गमावतो, आणि वरच्या उताराने उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटते. यावर उपाय तीनच: तेलाच्या डिफ्यूजन पंपाऐवजी टर्बो पंप, टार्गेटभोवती द्रवरूप नायट्रोजनने गार केलेली तांब्याची नळी, आणि १० चा उणे सातवा घात मिलिबार किंवा त्याहून चांगले व्हॅक्यूम. ऑक्साइडच्या थरामुळेही असेच होते, फक्त तो डोळ्याला दिसत नाही.

बीम सोडण्याआधी

प्रोटॉनइतकेच न्यूट्रॉनही निघतात आणि ते चेंबरच्या भिंतीला जुमानत नाहीत. पूर्ण भरलेल्या जाड टायटेनियम टार्गेटवर १०० केईव्हीला एका मायक्रोअँपिअरमागे सेकंदाला साधारण दोन लाख न्यूट्रॉन निघतात. एक मीटरवर याचा डोस तासाला २ ते ३ मायक्रोसिव्हर्ट. १०० मायक्रोअँपिअरला तो अडीचशेच्या जवळ जातो, म्हणजे सामान्य नागरिकासाठीची वर्षाची १ मिलिसिव्हर्टची मर्यादा चार तासांत संपते. पाणी, पॅराफिन किंवा बोरॉन मिसळलेले पॉलिथिलीन भोवती रचा, न्यूट्रॉन मीटर लावा, दाराला इंटरलॉक ठेवा. शिसे न्यूट्रॉनसाठी उपयोगाचे नाही. ते लागते प्रवेगक नळीत मागे पळणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या क्ष-किरणांसाठी. संस्थेच्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात आल्यावरच बीम.

पहिला रन

१. टार्गेटच्या जागी कोरा, कधीही ड्यूटेरियम न लागलेला पत्रा लावा. बीम बंद, बाकी सगळे चालू ठेवून रात्रभर मोजा. प्रोटॉनच्या खिडकीत जे येईल ती तुमची पार्श्वभूमी.

२. मग खरे टार्गेट लावून त्यावर हायड्रोजनचा, म्हणजे प्रोटॉनचा बीम त्याच ऊर्जेला सोडा. उजेड, विजेचा आवाज, उष्णता सगळे तसेच, अभिक्रिया मात्र नाही. ८५० व्या चॅनेलवर काही उगवले तर ते मोजणीचे पीक नव्हेच.

३. आता ड्यूटेरॉन, १ मायक्रोअँपिअर, १०० केईव्ही. १ टक्का घनकोनात सेकंदाला दोन हजारांच्या आसपास प्रोटॉन यायला हवेत. खूप कमी आले तर टार्गेट रिकामे झालेले असू शकते किंवा बीम भलतीकडेच पडतो आहे. प्रवाह वाढवताना एकूण मोजणीची गती सेकंदाला पाच-दहा हजारांच्या आत ठेवा, नाहीतर पल्स एकमेकांवर चढून पीकच्या उजवीकडे शेपूट निघते.

४. प्रोटॉन आणि ट्रिटॉन यांची मोजणी ताडून पाहा. प्रत्येक अभिक्रियेत दोन्ही एकेकच निघतात, त्यामुळे वस्तुमान केंद्राच्या चौकटीत (आदळणाऱ्या दोन कणांचे समाईक केंद्र स्थिर धरून) आणून, कोनाची दुरुस्ती करून दोन्ही संख्या जुळल्या पाहिजेत. ट्रिटॉन कमी पडले तर मोजणीची खालची सीमा पीकमध्ये घुसली आहे किंवा फॉइल वाटते त्यापेक्षा जाड आहे.

५. ऊर्जा १०० वरून ५० वर आणा आणि १३५ अंशांवरचे पीक वर सरकते का पाहा. जाड टार्गेटमध्ये सरक गणितापेक्षा थोडी कमी असते, कारण बरेच ड्यूटेरॉन आत जाऊन, ऊर्जा गमावून मग अभिक्रिया करतात.

कोन एकच घेऊन त्याला ४π ने गुणू नका. ही अभिक्रिया इतक्या कमी ऊर्जेलाही सर्व दिशांना सारखी होत नाही, आणि न्यूट्रॉनच्या वाटेत असमानता जास्त असते. वस्तुमान केंद्राच्या चौकटीत मात्र वितरण ९० अंशांच्या दोन्ही बाजूंना सारखे असते, कारण आदळणारे दोन्ही कण एकसारखेच. त्या दोन बाजू जुळत नसतील तर बीमचा ठिपका मध्यावर नाही.

खाली उतरताना

१० केईव्हीला त्याच टार्गेटवर एका मायक्रोअँपिअरमागे १ टक्का घनकोनात तासाला फक्त काहीशे प्रोटॉन येतात. १ टक्क्याची अचूकता हवी तर दहा हजार मोजायला लागतात. प्रवाह वाढवावा लागतो, वेळ वाढतो, आणि त्या वेळात पृष्ठभाग बदलतो. म्हणून प्रत्येक कमी ऊर्जेच्या रनच्या आधी आणि नंतर एकाच ठरलेल्या ऊर्जेला, समजा ५० केईव्हीला, पाच मिनिटांची मोजणी घ्या. दोन्हींत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मधला रन टाकून द्या. मनाला लागते, पण टाकाच.

जाड टार्गेटवर प्रत्येक मोजणी ही बीमच्या ऊर्जेपासून शून्यापर्यंतच्या सगळ्या ऊर्जांची बेरीज असते. काटछेद हवा असेल तर जवळजवळच्या ऊर्जांची उत्पन्ने वजा करून, थांबवण्याच्या शक्तीने (टार्गेटमध्ये दर अंतरामागे कण गमावतो त्या ऊर्जेने) गुणून काढावा लागतो. टार्गेटमधल्या इलेक्ट्रॉनच्या आवरणामुळे दोन ड्यूटेरॉनमधला विद्युत प्रतिकर्षणाचा अडथळा किंचित खुजा होतो. वायूच्या टार्गेटमध्ये हा परिणाम २५ ईव्हीच्या आसपास मोजला गेला आहे, काही धातूंमध्ये शेकडो ईव्ही. १० केईव्हीच्या आत उत्पन्न अपेक्षेहून जास्त दिसले की हेच सापडले असे वाटते. पण आधी व्होल्टेज, ड्यूटेरियमचे प्रमाण आणि बीम ज्यातून येतो त्या शेवटच्या छिद्राच्या कडेत रुतलेले ड्यूटेरियम तपासा. त्या कडाही डिटेक्टरला दिसत असतील तर त्यांच्यातले प्रोटॉन तुमच्या पीकमध्ये येऊन बसतात. मध्ये तांब्याची आड लावली की ते थांबते.

शून्य मोजणी आली तरी तो निकालच आहे. पार्श्वभूमी नगण्य असेल तर ९५ टक्के विश्वासाने '३ पेक्षा कमी' असे लिहायचे.

विजेचा आवाज फारच असेल, किंवा स्पंदित बीम असेल, तर सीआर-३९ प्लास्टिक वापरता येते. ६.२५ नॉर्मल कॉस्टिक सोड्यात ७० अंशांवर काही तास ठेवले की कणांच्या वाटा सूक्ष्मदर्शकाखाली खळग्यांसारख्या दिसतात. क्ष-किरणांचा त्यावर परिणाम नाही. मात्र हवेतल्या रेडॉनचे अल्फाही खळगे करतात, म्हणून त्याच पत्र्याचा एक तुकडा बीमपासून दूर ठेवून मग त्याच सोड्यात बरोबरच ठेवायचा.

बंद करताना

आधी बीम, मग डिटेक्टरचा बायस हळूहळू शून्यावर, मग गेज, शेवटी व्हॅक्यूम. टार्गेट गार होईपर्यंत पंप चालू ठेवा. चेंबर कोरड्या नायट्रोजनने भरा, दमट हवेने नव्हे. प्रत्येक प्रोटॉनमागे एक ट्रिटॉन तिथेच कुठेतरी थांबलेला असतो. १०० केईव्ही आणि १०० मायक्रोअँपिअरवर आठ तास चालवले तर सुमारे १ किलोबेकरेल ट्रिटियम साठते. आकडा लहान आहे, पण वर्षभरात टार्गेट, भिंती आणि पंपाचे तेल यांत ते जमत जाते. हातमोजे घाला, पंपाचा बाहेर पडणारा वायू खोलीत सोडू नका, जुने टार्गेट बंद डबीत तारीख आणि एकूण विद्युतभार लिहून ठेवा. चेंबरच्या आतून पुसलेला कागद द्रव सिंटिलेशन काउंटरवर मोजून घ्या. ट्रिटियमचा बीटा इतका दुबळा असतो की साध्या गायगर काउंटरला तो कळतच नाही.